बुटांसकट माप

आमच्या विजय नगरच्या घरी पँटा येतात त्या बहुतेक बुधवार-गुरुवारी. रविवारी लोक मोबाइलवरून मागवतात, तीन-चार दिवसांत खोका दारात येतो, घालून बघतात आणि मग स्वतःचे पाय दिसेनासे होतात. या कंपन्या कोणत्या उंचीच्या माणसांसाठी शिवतात देव जाणे. जबलपुरात तरी मला तशी माणसं अजून भेटलेली नाहीत. मग ती पँट पिशवीत घालून आमच्या फाटकाशी येते आणि हाक येते, "काकू, जरा खालून करून द्या ना."

"जरा" हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पँट खालून करणं म्हणजे पापडाची कड मोडणं नव्हे. जीन्स असेल तर मूळची जाड शिलाई तशीच ठेवून तिच्या वरून टीप मारावी लागते, नाहीतर पोरं म्हणतात पँट नकली दिसते. बेलबॉटमचा घेर खाली वाढत जातो, त्यामुळे वर दुमडलेलं कापड आत जास्तीचं होतं. ते बारीक चुण्या देऊन, समजूत घालून बसवावं लागतं. सिगारेट पँटचं उलट. तिची मोहरी, म्हणजे खालचं तोंड, इतकं अरुंद की दुमडलेली पट्टी आत मावत नाही. तिथे बाजूची शिवण दोन बोटं उसवल्याशिवाय गत्यंतर नाही. पलाझो तर आधी दिवसभर दोरीवर टांगून ठेवते मी, कारण ते कापड आपल्याच भाराने खाली उतरतं. ते उतरून झालं की मगच कात्री-सुईची भाषा. आणि ऑफिसची सरळ पँट? तिला मशीन लावायचंच नाही. हातानं तुरपाई, तीही अशी की बाहेरून टाका दिसता कामा नये.

हे सगळं मी कुठल्या क्लासात शिकले नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली हलवल्या. तुरपाई शिकवली ती वडिलांनी. ते रेल्वेत होते आणि युनिफॉर्मच्या पँटा स्वतःच्या स्वतः नीट करून घ्यायचे. शिंप्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा एकच नियम होता. कापड कापायचं नाही, आत दुमडून ठेवायचं. या आतल्या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात, आणि वडील ती भरपूर ठेवत. "कापलं ते गेलं, दुमडलं ते आहे," असं ते म्हणत. माझ्या भावांच्या शाळेच्या पँटा दर जूनमध्ये थोड्या खाली सोडल्या जायच्या आणि जुन्या दुमडीची गडद रेघ तशीच राहायची. रेघा मोजून पोरगा कितवीत आहे ते सांगता यायचं. भावांना त्याची लाज वाटायची. मी मात्र आजतागायत तोच नियम पाळते. गिऱ्हाइकं कुरकुर करतात की काकू, पँट खालून जड लागते. मी म्हणते, लागू दे.

गिऱ्हाइकं म्हणायची, पण घेत काही नाही मी. मला वेळ जायला काम हवं असतं आणि त्यांना पाय दिसायला हवे असतात.

दुसरा नियम माझा स्वतःचा. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल-बूट येत नाही. मशीन आहे आतल्या खोलीत, देवघराच्या शेजारी, कारण उजेड तिथेच चांगला येतो. आता पँटेचं माप तर बूट घालूनच घ्यायला हवं. अनवाणी घेतलं तर बूट चढवल्यावर पँट वर जाते आणि माणूस पाण्यातून चालल्यासारखा दिसतो. सुरुवातीला मी टाचांखाली जुने दिवाळी अंक ठेवायचं म्हटलं होतं. त्यावर हे चिडले. विद्येवर पाय ठेवायला लावतेस का, म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. रांझीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामात चूक काढण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर ती हौस घरात आली. त्यांनी लाकडाचे ठोकळे करून दिले. अर्ध्या बोटाचा, एका बोटाचा, दोन बोटांचा, प्रत्येकावर रंगानं आकडा. मी विचारायचं, टाच किती? समोरचा बोटं दाखवणार, मी तेवढे ठोकळे दोन्ही पायांखाली सरकवणार. उंबराही राखला आणि मापही. या युक्तीचा मला इतका अभिमान होता की आल्यागेल्याला मी ठोकळे काढून दाखवत असे.

आमच्या वरच्या खोलीत गेल्या वर्षी एक मुलगी भाड्यानं राहायला आली. बालाघाटची, घरात मराठी बोलणारी, एका खाजगी कंपनीत कागदपत्रांचं काम करणारी. जिना बाहेरून आहे, त्यामुळे जाता-येता ती दिसायची ती स्कूटीवरच. हेल्मेट, ओढणी, भुर्र. रविवारी मात्र चहाला खाली यायची, दारात पायातलं काढायची आणि आत यायची. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की चालताना ती डावीकडे थोडी खाली जाते. डावा पाय थोडा आखूड होता. ती गेल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की याबद्दल तिला कधीही काही विचारायचं नाही. चार दिवसांत सगळ्या कॉलनीनं विचारलं असणार, आपण तरी सोडावं. आम्ही स्वतःला फार समजूतदार समजत होतो.

मागच्या हिवाळ्यात एका शुक्रवारी ती राखाडी रंगाची सरळ पँट घेऊन आली. तोवर मी तिला लांब कुर्ता आणि पायघोळ पलाझो यांच्याशिवाय दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं. तिनं सांगितलं की कंपनीत नवीन तीस लोक भरती झाले आहेत आणि सोमवारी त्यांना काम शिकवायला वरच्यांनी तिला निवडलं आहे. दोन तास, सगळ्यांसमोर. सांगताना ती पँटेची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

"आजपर्यंत मी टेबलामागेच बसून राहिली काकू," ती म्हणाली. "पहिल्यांदा उभं राहून बोलायचं आहे. चांगलं दिसलं पाहिजे बस."

मी तिला पँट घालायला लावून मशीनजवळ उभं केलं आणि विचारलं, टाच किती? नाही काकू, साधेच बूट आहेत, असं ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. ठोकळे बाजूला ठेवून मी खाली बसले. उजव्या पायाशी पँट जितकी जमिनीवर लोळत होती, त्याहून डाव्या पायाशी चांगली बोटभर जास्त. आता कोणताही शिंपी काय करतो? एकच पाय मापतो, दुसरा त्याच्यावर ठेवतो आणि दोन्ही सारखे करून मोकळा होतो. मी तसं केलं नाही. उजवीकडे वेगळी टाचणी, डावीकडे वेगळी. डावी बाजू जास्त वर घेतली, म्हणजे जमिनीपासून दोन्हीकडे सारखंच अंतर. तिला त्यातलं काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं, असं मला वाटलं.

शनिवारी सकाळीच सराफा बाजाराच्या मागच्या गल्लीत जाऊन दोऱ्यांच्या दुकानात पाच राखाडी रिळं उन्हात धरून बघितली आणि नेमक्या रंगाचं घेऊन आले. दुपारभर तुरपाई केली. कापडातला एकेक धागा उचलायचा आणि पुढे जायचं, ओढायचं नाही. झाल्यावर पँट उलटसुलट करून पाहिली. टाका कुठे दिसेल तर शपथ. यांनीही चष्मा लावून तपासली आणि पास केली, हे विशेष. मी संध्याकाळभर हवेत होते. एका पोरीचं व्यंग आपण एका शब्दानंही न बोलता झाकलं, यापेक्षा मोठं पुण्य कोणतं, असंच काहीतरी मनात चाललं होतं. आता लिहायला लाज वाटते.

रविवारी ती पँट घेऊन वर गेली. तयारी करायची आहे म्हणून चहालाही थांबली नाही.

सोमवारी सकाळी आठाच्या सुमारास मी फाटकाशी उभी राहिले. हातात दही-साखरेची वाटी. खरं सांगायचं तर दही-साखर निमित्त होतं, मला पँट बघायची होती. ती जिन्यावरून उतरली ती जुन्या काळ्या पलाझोमध्ये. सगळं लवकर आवरून एकदा ऑफिसात जाऊन सराव करते, म्हणाली.

"काहून गं, पँट काहून नाही घातली?"

"छान झाली काकू. पण आज राहू देते."

माझा स्वभाव काही चांगला नाही. नाकावर राग असतो, तो कधी घसरेल सांगता येत नाही. मी म्हटलं की आवडली नव्हती तर तसं स्पष्ट सांगायचं, माझ्यावर काही आभाळ कोसळलं नसतं. दोन दिवस मान मोडून काम केलं, रिळासाठी सराफ्यापर्यंत गेले, आणि तू म्हणतेस राहू देते. आणखीही काहीबाही बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. मला वाटलं आता रडेल. रडली नाही. शेजारची खिडकी बंद आहे ना, हे तिनं पाहून घेतलं, एक पाय पायरीवर ठेवला आणि पलाझो घोट्यापर्यंत उचलला.

काळा, लेसचा, साधा बूट. पण डाव्या बुटाचा तळवा उजव्यापेक्षा बोटभर जाड. मुद्दाम बनवून घेतलेला, कडा घासून रंगवलेल्या, पटकन लक्षात येणार नाही असा.

"हे घातले की माझे पाय सारखे होतात काकू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही पँट वेगवेगळी केली. आता डावीकडून हा तळवा पूर्ण दिसून राहिला."

वाटीतलं दही माझ्या हातात तसंच राहिलं. कळलं सगळं, पण कळायला एक क्षण लागला. बुटांत तिचे पाय सारखे होते. जगातला कोणताही आळशी शिंपी, एक पाय मापून दुसरा त्यावर टाकणारा, तिच्या बाबतीत अगदी बरोबर ठरला असता. चुकले ती मी एकटी, कारण मी जास्त शहाणी. वर्षानुवर्षं जे तिनं बुटात झाकलं होतं ते मी राखाडी दोऱ्यानं, न दिसणाऱ्या टाक्यांनी, जगाला उघडं करून दाखवलं होतं. आणि वर तिलाच रागावले होते.

हे तेवढ्यात बाहेर आले. त्यांनी बूट पाहिला, माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात असं व्हायचं, ते म्हणाले. सुटा भाग मापात पास, आणि जोडणीत नापास. एरवी मी यावर काहीतरी ऐकवलं असतं. त्या दिवशी ऐकून घेतलं, कारण ते खरंच होतं. मी जोडणी बघितलीच नव्हती. विचारायचं नाही, विचारायचं नाही, या आमच्या समजूतदारपणात एक साधा प्रश्न राहून गेला होता. तिनंही साधेच बूट म्हणून सांगितलं, कारण तीही आयुष्यभर तेच सांगत आली होती.

कार्यक्रम अकराला होता. मी तिला म्हटलं की सराव राहू दे, साडेनऊपर्यंत मला वेळ दे. कापड मी कापलेलं नाही, सगळं आत आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं होतं पँट गेली. वडिलांचा नियम तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

"वर जा," मी सांगितलं. "पँट घाल, बूट घाल, आणि तशीच खाली ये."

ती आली. डावीकडे पँट बोटभर वर, आणि तो जाड तळवा कोणी मुद्दाम दाखवायला ठेवावा तसा समोर. मला बघवेना. मी आत वळले आणि मशीनजवळचा दिवा लावला. मागून पावलं आली नाहीत म्हणून वळून पाहिलं, तर ती उंबऱ्याशी वाकून लेस सोडत होती. सवयीनं. दार दिसलं की बूट काढायचे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही मुलगी रस्त्यावर सरळ चालते, ऑफिसात सरळ चालते, आणि आपल्या माणसांच्या घरात शिरताना मात्र दर वेळी दारातच तिचा पाय आखूड होतो. आमच्याही दारात. दर रविवारी चहाला.

"बूट काढू नको," मी म्हटलं. "घालूनच आत ये."

"काकू, देवघर आहे तिथे."

"आहे तर आहे. ये."

ती तरी थांबली. मग हे आत गेले, देवांपुढचा पाट उचलून भिंतीला लावला, जागा मोकळी केली आणि तिला म्हणाले, "चलो, तपासणीला उशीर होऊन राहिला." तेव्हा ती हसली आणि आत आली.

गुडघे कुरकुरत होते तरी जमिनीवर बसले, डावीकडची तुरपाई ब्लेडच्या टोकानं टाका टाका उसवली आणि कापड खाली सोडलं. उजवीच्या बरोबरीनं धरलं, पण नुसतं पँटेला पँट लावून थांबले नाही. तिला दाराकडे तोंड करून उभं केलं, मग पाठमोरं, मग चार पावलं चालवलं, देवघरापासून फ्रिजपर्यंत आणि परत. बुटानं फरक भरून निघत होता, पण अगदी पूर्ण नाही. डावीकडे सुताएवढं वर घ्यावं लागलं. ते नुसत्या मापानं कधीच कळलं नसतं. तिला पडद्यामागे पँट बदलायला लावली. जुन्या दुमडीची रेघ पडली होती, भावांच्या पँटेवर पडायची तशी. तिच्यावर ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली, दोनदा, तेव्हा ती गेली. हे शेजारी भिंग घेऊन बसले आणि मला सुया ओवून देत राहिले. एक दोरा संपला की दुसरी सुई तयार. लग्नाला अडतीस वर्षं झाली, इतक्या शिस्तीत आम्ही बरोबर काम कधी केलं नव्हतं.

साडेनऊ वाजून गेले होते. ती पँट घालून आरशासमोर उभी राहिली. आरसा कंबरेपर्यंतच दाखवतो, म्हणून मग आमच्याकडे वळली. दोन्हीकडे मोहरी बुटावर सारखी टेकली होती. तळवा दिसत नव्हता. मी म्हटलं, सकाळी जे बोलले ते मनावर घेऊ नको, चूक माझी होती. हे मी सहसा कोणाला म्हणत नाही. ती म्हणाली की कोणी मला बुटांसकट घरात घेतलं, हे पहिल्यांदा झालं. मग तिनं दही-साखर खाल्ली, वाटी माझ्या हातात दिली आणि स्कूटी काढली.

दिवसभर मी काही केलं नाही. एक जीन्स पडून होती, ती पडूनच राहिली. दुपारी शेजारच्या काकू आल्या आणि देवघरासमोर बुटांचे ठसे बघून त्यांचा चेहरा पडला. माप घेत होते, मी म्हटलं. त्यांनी विचारलं की ठोकळे काय झाले? सगळ्यांना ठोकळे पुरत नाहीत, असं सांगून मी चहा ठेवायला उठले.

संध्याकाळी स्कूटीचा आवाज आला. ती वर न जाता सरळ आमच्या दाराशी आली. मी मशीनवर त्या जीन्सचा दोरा बदलत होते. ती उंबऱ्याशी थांबली, आणि सावली खाली वाकताना दिसली.

"राहू दे," मी आतूनच म्हटलं. "ये तशीच."

सावली सरळ झाली. मग पावलं आली, बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीपर्यंत, फरशीवर टाचांचा आवाज करत. डावं आणि उजवं, एकसारखं. हा आवाज वर्षभरात आमच्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"दोन घंटे उभी होती काकू," ती म्हणाली. "कोणी खाली पाहिलंच नाही."

मी सुईत दोरा ओवत होते आणि तो काही केल्या जाईना. डोळ्यांत पाणी आलं होतं, दुसरं काय. यांनी माझ्या हातातून दोरा घेतला आणि ते भिंग शोधायला लागले.